तीन दिवसांचें मंत्रिमंडळ

राज्यकारभाराच्या इतिहासांत दीर्घकाळ टिकलेल्या मंत्रिमंडळांचीं वर्णनें विस्तारानें येतात. अल्पायुषी मंत्रिमंडळांच्या वांट्यास बहुधा एखादी तळटीप येते. तथापि कांहीं तळटीपा ग्रंथापेक्षांही अधिक बोलक्या असतात. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत डॉ. नारायण भास्कर खरे यांचें दुसरें मंत्रिमंडळ २१ जुलै १९३८ रोजीं अधिकारारूढ झालें आणि २३ जुलै रोजीं डॉ. खरे यांनीं राजीनामा दिला. मोजून तीन दिवस. एवढ्या अवधींत कोणतेंही सरकार नवी शाळा उघडूं शकत नाहीं कीं जुना कर उठवूं शकत नाहीं, आणि खऱ्यांच्या सरकारनेंही तसें कांहीं केलें नाहीं. परंतु मंत्री हा अखेर कोणाचा? ज्यांनीं मत दिलें त्यांचा, ज्यानें निवडलें त्या मुख्य प्रधानाचा, ज्यानें शपथ दिली त्या गव्हर्नराचा, कीं ज्या पक्षाच्या नांवावर तो निवडून आला त्या पक्षाचा? या प्रश्नास त्या तीन दिवसांत जी धार आली, ती पुढें अनेक वर्षें बोथट झाली नाहीं. म्हणून या जुन्या प्रकरणाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

आजच्या तरुण वाचकांस हा प्रांत नकाशावर सांपडणार नाहीं, तेव्हां प्रथम त्याची थोडी ओळख करून द्यावयास हवी. नागपूर ही त्याची राजधानी. उन्हाळ्यांत सरकारी दप्तर पचमढीच्या डोंगरावर जात असे. उत्तरेस व पूर्वेस जबलपूर, सागर, रायपूर, बिलासपूर वगैरे हिंदी जिल्हे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे मराठी जिल्हे. आणि पश्चिमेस अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा मिळून वऱ्हाड. वऱ्हाडावर हैदराबादच्या निजामाचें नांवापुरतें स्वामित्व होतें, कारभार इंग्रजांचा होता. काँग्रेसनें आपली घटना भाषावार केली असल्यामुळें या एका सरकारी प्रांतांत तिच्या तीन प्रांतिक समित्या नांदत होत्या: महाकोशल, नागपूर आणि विदर्भ. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस याचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाहीं. ओसरी एक, देवघर एक, चुली मात्र तीन. आणि जमाखर्च एकाच वहींत. आमच्या कपाशीचा पैसा दुसऱ्यांच्या जिल्ह्यांवर खर्च होतो, ही वऱ्हाडची तक्रार जुनी होती. राजधानी मराठी मुलुखांत आणि संख्याबळ हिंदी मुलुखांत, यामुळें दुसऱ्या बाजूसही आपला सल होताच.

१९३५ च्या कायद्याप्रमाणें प्रांतिक स्वायत्ततेचा भाग १ एप्रिल १९३७ पासून अंमलांत आला. त्यापूर्वीं झालेल्या निवडणुकींत मध्यप्रांताच्या कायदेमंडळांतील ११२ जागांपैकीं सुमारें ७० जागा काँग्रेसनें जिंकल्या. परंतु गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाहींत असें आश्वासन मिळाल्यावांचून अधिकार घ्यावयाचा नाहीं, या काँग्रेसच्या भूमिकेमुळें कांहीं महिने बहुमत बाहेर आणि अल्पमत खुर्चीवर अशी विचित्र स्थिति उत्पन्न झाली. मुंबई इलाख्यांत सातारचे सर धनजीशा कूपर यांनीं मंत्रिमंडळ बनविलें, मध्यप्रांतांत श्री. ई. राघवेंद्रराव यांनीं. या दोन्ही मंत्रिमंडळांस आयुष्य लाभलें साडेतीन महिन्यांचें. कायदेमंडळाची बैठक भरून विश्वासाचें मत घेण्याचा प्रसंग येईपर्यंत राज्य करावयाचें, बैठक भरली कीं जावयाचें, हें उघड होतें. भाड्यानें आणलेल्या मांडवाप्रमाणें तीं होतीं, आणि मांडव उतरल्याबद्दल कोणी शोक करीत नाहीं. जुलै १९३७ मध्यें काँग्रेसनें अधिकार स्वीकारला तेव्हां मुंबईस श्री. बाळ गंगाधर खेर आणि नागपुरास डॉ. खरे हे मुख्य प्रधान झाले.

डॉ. खरे यांचा जन्म पनवेलचा, कर्मभूमि नागपूर. वैद्यकींत त्यांचें नांव मोठें होतें. १९२६ सालीं नागपुरांत 'तरुण भारत' पत्र सुरू करण्यांत ते अग्रेसर होते. निर्भीड वाणी, हजरजबाबी स्वभाव, आणि मनांत आलें तें करून टाकण्याची घाई, असे त्यांचे गुणदोष त्यांच्या मित्रांनीं व शत्रूंनींही सारख्याच शब्दांत वर्णिले आहेत. ते नेते निवडले गेले ते केवळ मराठी मतांच्या बळावर नव्हे. हिंदी भागांतील सभासदांची संख्या अधिक होती. त्यांतील कांहीं मतें वळल्यावांचून महाकोशलचे ज्येष्ठ पुढारी पंडित रविशंकर शुक्ल यांच्याऐवजी एक मराठी गृहस्थ मुख्य प्रधान होणें शक्य नव्हतें. उसन्या मतांचें हें ऋण किती दिवस पुरेल, याचा विचार तेव्हां बहुधा कोणीं केला नाहीं.

मंत्रिमंडळ सात जणांचें होतें. मुख्य प्रधानांखेरीज नागपूर-वऱ्हाडकडून श्री. गोळे आणि बॅरिस्टर रामराव देशमुख. महाकोशलकडून पंडित शुक्ल, पंडित द्वारकाप्रसाद मिश्र आणि श्री. दुर्गाशंकर मेहता, आणि कायदेमंत्री म्हणून श्री. मुहंमद युसुफ शरीफ. शुक्लांकडे शिक्षणखातें होतें व त्यांची 'विद्यामंदिर' योजना पुढें फार गाजली. मिश्रांकडे स्थानिक स्वराज्य होतें. पहिलें वर्ष संपण्यापूर्वींच पहिला तडा गेला. एका दलित बालिकेवरील घोर अत्याचाराच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगीत असलेल्या कैद्यांस श्री. शरीफ यांनीं मुदतीपूर्वीं सोडलें, आणि त्यावरून प्रांतांत संतापाची लाट उसळली. काँग्रेस कार्यकारिणीनें हें प्रकरण कलकत्त्याचे माजी न्यायाधीश सर मन्मथनाथ मुखर्जी यांच्याकडे अभिप्रायासाठीं पाठविलें. अभिप्राय प्रतिकूल आला व शरीफ यांस जावें लागलें. ज्या सरकारचा मंत्री, त्याच्या कायदेमंडळांत या प्रश्नाचा निकाल न लागतां तो पक्षाच्या कार्यकारिणीनें नेमलेल्या पंचाकडून लागला, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. त्या वेळीं निकाल न्याय्य लागला म्हणून रीत कोणाची, हें कोणी विचारलें नाहीं.

शरीफ गेल्यावर उरले सहा. तीन मराठी भागाचे, तीन हिंदी भागाचे. पाटीवर रेघ ओढावी तशी वांटणी झाली. हेवेदावे किरकोळ गोष्टींवरून वाढले: कोणत्या खात्यांत कोणाचा हस्तक्षेप, कोणत्या नेमणुकींत कोणाचा माणूस, कोणत्या मंत्र्यानें कोणाविषयीं काय म्हटलें. यांतील तपशील आतां नीरस झाला आहे. तो आम्ही सोडून देतों. मे १९३८ मध्यें सरदार वल्लभभाई पटेल पचमढीस आले. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांवर देखरेख करणाऱ्या पार्लमेंटरी उपसमितीचे ते अध्यक्ष. मौलाना आझाद व बाबू राजेंद्रप्रसाद हे दुसरे दोन सभासद. मंत्री आणि तिन्ही प्रांतिक समित्यांचे अध्यक्ष यांना एकत्र बसवून २४ मे रोजीं समेट घडविण्यांत आला. खात्यांची कांहीं फेरवांटणी करावयाची व मागचें विसरावयाचें, असें ठरलें. घरांतील भावांचा तंटा गांवच्या पंचांनीं मिटविला कीं तो वरून शांत होतो आणि आंतून धुमसतो. येथेंही तसेंच झालें. फेरवांटणी कोणी कशी करावी याविषयींच पुन्हां वाद पडला, आणि या सहकाऱ्यांसह कारभार चालविणें अशक्य आहे, अशी डॉ. खरे यांची जुलैच्या मध्यापर्यंत खात्री झाली.

येथपर्यंतची कथा कोणत्याही संमिश्र मंत्रिमंडळाची असूं शकते. पुढें २० जुलैच्या दिवशीं आणि रात्रीं जें घडलें, तें मात्र असाधारण होतें.

डॉ. खरे यांनीं त्या दिवशीं आपला राजीनामा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्याकडे दिला. गोळे व देशमुख यांनींही दिले. मुख्य प्रधान या नात्यानें त्यांनीं उरलेल्या तिघांसही राजीनामे देण्यास सांगितलें. हेतु स्पष्ट होता. सर्वांचे राजीनामे पडले म्हणजे पाटी कोरी होईल, गव्हर्नर बहुमताचा नेता म्हणून आपणांसच पुन्हां बोलावतील, आणि नको असलेले तिघे वगळून नवें मंडळ बनवितां येईल. विलायतेंत हा मार्ग अनोळखी नाहीं. परंतु शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनीं नकार दिला. आम्हांस पक्षानें मंत्री केलें आहे, पक्षाच्या वरिष्ठांची आज्ञा झाल्यावांचून आम्ही जागा सोडणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. कार्यकारिणीची बैठक वर्ध्यास २३ तारखेस भरावयाचीच होती. तोंपर्यंत थांबावें, असें डॉ. खरे यांस सुचविण्यांतही आलें होतें. नागपूर ते वर्धा हें अंतर अवघें ७५ किलोमीटर. आणि मध्यें दिवस तीन. ते थांबले नाहींत.

गव्हर्नरही थांबले नाहींत. रात्रीं त्या तिघांस विचारणा झाली, त्यांनीं आपला नकार कायम केला, आणि २१ जुलैची पहांट होते न होते तोंच त्यांस मंत्रिपदांवरून दूर केल्याची आज्ञा निघाली. त्याच दिवशीं डॉ. खरे यांनीं नव्या मंडळासह पुन्हां शपथ घेतली. पुढें कार्यकारिणीनें जो ठराव केला, त्यांत गव्हर्नरांनीं रात्रीचा दिवस केल्याचा स्पष्ट ठपका ठेवलेला आहे. आपल्याकडे रात्रीचा दिवस करणें हा उद्योगी माणसाचा गुण समजतात; राजकारणांत तो दोषाच्या सदरांत कसा जातो, याचें हें एक उदाहरण.

आतां कायद्याचें पाहूं. १९३५ च्या कायद्यांत गव्हर्नरानें मंत्री निवडावे आणि त्यांनीं त्याची मर्जी असेपर्यंत अधिकारावर राहावें, एवढेंच ५१ व्या कलमांत होतें. मुख्य प्रधान या पदाचा त्या कायद्यांत उल्लेखही नव्हता. बहुमत सांभाळूं शकेल अशा व्यक्तीच्या सल्ल्यानें मंत्री नेमावे व मंत्र्यांमध्यें सामुदायिक जबाबदारीची भावना वाढीस लावावी, अशा सूचना गव्हर्नरास राजाच्या आज्ञापत्रांतून मिळालेल्या होत्या. त्या सूचना होत्या, कायदा नव्हे. अक्षराप्रमाणें पाहिलें तर सर फ्रान्सिस यांनीं कायदा मोडला नाहीं. मुख्य प्रधान गेला कीं मंडळ गेलें, जो स्वतः जात नाहीं त्याला घालवावयाचें, हा संकेतही विलायतेंतील होता, आणि काँग्रेसचे लोक एरव्हीं त्याच संकेतांचा दाखला देत असत. मग चूक कोठें झाली?

आमच्या मतें ती एका साध्या प्रश्नांत दडलेली आहे. नव्यानें शपथ घेणाऱ्या डॉ. खऱ्यांच्या पाठीशीं २१ जुलैच्या सकाळीं बहुमत होतें काय? याचें उत्तर कोणासच ठाऊक नव्हतें, कारण कोणीं विचारलेंच नव्हतें. कायदेमंडळांतील आपल्या पक्षाची सभा बोलावून, माझे तीन सहकारी मला नको आहेत, तुमचें मत सांगा, असें डॉ. खरे विचारूं शकले असते. त्यांनीं ती वाट टाळली. ती वाट सोपी नव्हती, हेंही खरें. गव्हर्नरांनींही विचारलें नाहीं. ज्या सभासदांच्या जोरावर मुख्य प्रधान हा मुख्य प्रधान असतो, ते सभासद आपापल्या गांवीं झोंपले होते आणि सकाळीं उठून त्यांस कळलें कीं सरकार बदललें आहे.

नव्या मंडळांत डॉ. खरे, गोळे व देशमुख यांच्याबरोबर दोन नवे गृहस्थ आले. एक ठाकूर प्यारेलाल सिंह. छत्तीसगडचे, राजनांदगांवच्या गिरणी-कामगारांचा १९२० चा संप ज्यांनीं चालविला ते. त्यांस घेतल्यानें हिंदी भागास प्रतिनिधित्व नाहीं हा आक्षेप थोडा सौम्य व्हावा, अशी योजना दिसते. शिवाय छत्तीसगड आणि जबलपूर हे महाकोशलांतील दोन भागही एका मनाचे नव्हते. दुसरे श्री. अग्निभोज, हरिजन समाजाचे. अस्पृश्य मानलेल्या वर्गांतील गृहस्थास काँग्रेसच्या मंत्रिमंडळांत स्थान देण्याचा या प्रांतांतील हा पहिला प्रसंग, आणि तो तीन दिवसांत संपला. या नेमणुकीबद्दल गांधीजींनीं आपणांस दोष दिला, असा आरोप डॉ. खरे यांनीं मागाहून केला, आणि डॉ. आंबेडकरांनीं १९४५ सालच्या आपल्या काँग्रेसवरील ग्रंथांत त्याचा उपयोग केला. डॉ. खरे यांनीं अग्निभोजांस घेतलें तें न्यायबुद्धीनें कीं टीकाकारांचें तोंड बंद करावें म्हणून, याविषयीं तर्क करण्यांत अर्थ नाहीं. एवढें मात्र खरें कीं त्या तीन दिवसांच्या मंडळांत जें स्थान त्यांस मिळालें, तें त्यापूर्वींच्या एका वर्षाच्या मंडळांत त्या समाजाच्या कोणासही मिळालें नव्हतें.

वर्ध्यास काँग्रेसचे श्रेष्ठी जमूं लागले होते. त्या वर्षीं अध्यक्ष होते श्री. सुभाषचंद्र बोस. डॉ. खरे यांस बोलावणें झालें; त्यांस त्यांच्या कृतीचा दोष दाखविण्यांत आला, आणि २३ तारखेस त्यांनीं मुख्य प्रधानपदाचा व पक्षनेतेपदाचा राजीनामा दिला. दोन दिवसांपूर्वीं ज्या गव्हर्नरानें घाईनें शपथ दिली, त्यासच आतां तो राजीनामा स्वीकारावा लागला. नवा नेता निवडण्याच्या प्रसंगीं आपण उभे राहावें, असें डॉ. खरे यांच्या मनांत आलें. त्यावर गांधीजींशीं सेगांवच्या आश्रमांत बोलणें झालें. आपल्या चुकीची कबुली देणारें एक पत्रक डॉ. खरे यांनीं प्रसिद्ध करावें, असें ठरूं लागलें. मसुद्यांत गांधीजींनीं दुरुस्त्या केल्या. तो दुरुस्त मसुदा वाचून डॉ. खरे यांनीं सही करण्याचें नाकारलें. या एका नकारावर त्यांचें पुढील सर्व आयुष्य वळलें. २६ जुलै रोजीं कार्यकारिणीनें त्यांस काँग्रेसमध्यें जबाबदारीचें स्थान घेण्यास अपात्र ठरविणारा ठराव केला. २७ रोजीं सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखालीं वर्ध्यास पक्षाची सभा होऊन पंडित शुक्ल नेते झाले. आणि त्यांचें मंत्रिमंडळ बनलें. पहांटे काढून टाकलेले तिघेही त्यांत परत आले.

महाराष्ट्रांत या निकालानें मोठी खळबळ उडाली. आदल्याच वर्षीं मुंबईंत श्री. खुर्शेद नरीमन यांचें मुख्य प्रधानपद हुकल्याचें प्रकरण झालें होतें आणि त्यांतही सरदारांकडेच बोट दाखविलें जात असे. त्यामुळें डॉ. खरे यांचा बळी गेला, मराठी माणसाचा पाणउतारा झाला, अशी भाषा पुष्कळ मराठी पत्रांतून उमटली. डॉ. खरे यांनीं आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली. सुभाषबाबूंनीं अध्यक्ष या नात्यानें सविस्तर निवेदन काढून तिचें खंडन केलें. गांधीजींनीं 'हरिजन'मध्यें लेख लिहून, परकी सत्तेशीं झगडणाऱ्या संस्थेस एकमुखी नियंत्रण हवेंच, अशी भूमिका घेतली. आमचें मत विचाराल तर मराठी-हिंदी वादाचें पांघरूण या प्रकरणावर घालणें दोन्ही बाजूंस सोयीचें होतें, म्हणूनच तें इतकें पसरलें. डॉ. खरे यांनीं पक्षाच्या सभेस चुकवून गव्हर्नरांच्या दाराशीं जाणें अप्रशस्त होतें. पण त्यांस दोष देणाऱ्यांनींही त्या सभेस प्रथम विचारलें नाहीं. सभासदांची सभा भरली ती शिक्षा सांगून झाल्यानंतर, आणि ज्या गांवीं शिक्षा सांगणारे बसले होते त्याच गांवीं. निवडून आलेल्या सुमारें ७० प्रतिनिधींचें मत या सबंध आठवड्यांत एकदांच घेतलें गेलें, आणि तेव्हां निवडण्यासारखें फारसें उरलेंच नव्हतें.

यांतील एक विपर्यास सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शिस्तीचा हा आग्रह अध्यक्षपदावरून ज्यांनीं धरला, त्या सुभाषबाबूंस नऊ महिन्यांनीं, एप्रिल १९३९ मध्यें, त्याच श्रेष्ठींच्या असहकारामुळें अध्यक्षपद सोडावें लागलें. ऑगस्टमध्यें त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाईही झाली. आणि ज्या अधिवेशनांत त्यांचे हात बांधले गेले, तें त्रिपुरी जबलपूरजवळचें, म्हणजे याच प्रांतांतलें.

मंत्रिमंडळ पडल्यावर अडीच महिन्यांच्या आंत, १ ऑक्टोबर १९३८ रोजीं, याच कायदेमंडळानें वऱ्हाड-नागपूरच्या मराठी जिल्ह्यांचा निराळा विदर्भ प्रांत करावा असा ठराव मंजूर केला. ठराव मांडणारे होते रामराव देशमुख. वांटणीचा विषय अशा रीतीनें घरांतल्या घरांत कुजबुजण्याचा न राहतां दप्तरांत आला. पुढें १९५५ सालीं राज्यपुनर्रचना आयोगानें वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती मान्य झाली नाहीं, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आले. नागपूर राजधानी राहिली नाहीं. वर्षांतून एक अधिवेशन तेवढें तिच्या वांट्यास आलें.

अल्पायुषी मंत्रिमंडळांची परंपरा मात्र या भूमींत खंडित झाली नाहीं. १९६७ सालीं मध्यप्रदेशांत ३६ काँग्रेस सभासद पक्ष सोडून गेल्यानें जें मंत्रिमंडळ कोसळलें, त्याचे मुख्यमंत्री होते तेच द्वारकाप्रसाद मिश्र, ज्यांस २९ वर्षांपूर्वीं पहांटे घालविलें होतें. मार्च १९६९ मध्यें सारंगडचे राजे नरेशचंद्र सिंह हे तेरा दिवस त्या राज्याचे मुख्यमंत्री होते. आणि महाराष्ट्रांत २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळीं, लोकांचा चहा होण्याच्या आंत, श्री. देवेंद्र फडणवीस व श्री. अजित पवार यांनीं जी शपथ घेतली आणि २६ तारखेस जें सरकार गेलें, त्याची हकीकत वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तेंही नागपूरच्याच गृहस्थांचें. फरक एवढाच कीं २०१९ सालीं बहुमत कोणाचें हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानें विचारला व सभागृहांत मत घेण्याची आज्ञा केली. १९३८ सालीं तो विचारणारें कोणीच नव्हतें.

त्या पांच मंत्र्यांपैकीं डॉ. खरे यांचा पुढील प्रवास पुष्कळांस माहीत आहे. १९४३ सालीं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले, १९४७ सालीं अलवार संस्थानचे दिवाण झाले, पुढें हिंदुमहासभेचे अध्यक्ष व लोकसभेचे सभासदही झाले. काँग्रेसकडे ते परतले नाहींत. पंडित शुक्ल नव्या मध्यप्रदेशचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि दोन महिन्यांनीं, ३१ डिसेंबर १९५६ रोजीं, वारले. प्यारेलाल सिंह यांस मंत्रिपद पुन्हां लाभलें नाहीं व त्यांनीं तें मागितल्याचेंही दिसत नाहीं. ते कोष्ट्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभारीत राहिले, आणि १९५४ सालीं भूदानाच्या पदयात्रेंत असतांनाच त्यांचें देहावसान झालें. छत्तीसगड सरकार सहकार-क्षेत्रांतील कामासाठीं त्यांच्या नांवें एक सन्मान देतें.